वास नसल्याचा ठराव

चाळीस घरांसाठी चाळीस प्रश्नावल्या काढल्या आणि परत आला एक कागद. सोसायटीच्या लेटरहेडवर, खाली गोल शिक्का. 'संस्थेच्या आवारात कोणत्याही प्रकारचा रासायनिक वास येत नाही, असे आजच्या विशेष सभेत बहुमताने ठरले.' खाली सही सचिवांची. सचिव म्हणजे माझे बाबा.

हे कसं घडलं ते सांगायचं तर सुरुवात माझ्या अकलेपासून करावी लागेल. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत डिस्पॅचला आठ वर्षं काढून, खोक्यावरचं लेबल आणि आतला माल एकच आहे ना हे तपासून तपासून मेंदूला बुरशी आल्यावर मला समाजशास्त्रात एम.ए. करायची हुक्की आली. परीक्षा कशाबशा निघाल्या. उरला प्रबंध. त्यासाठी मी दोनदा मुदतवाढ घेतलेली, आणि दुसऱ्या वेळी विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्या अर्जावर लाल पेनानं 'अंतिम' लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. म्हणजे या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध खिडकीत गेला नाही तर नोंदणी रद्द, तीन वर्षं पाण्यात, आणि मी जन्मभर लेबलं वाचायला मोकळी.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आम्ही राहतो डोंबिवलीत, एमआयडीसीला लागून. इथे लोक सकाळी खिडकी उघडून ऊन की ढग ते बघत नाहीत, आधी नाक बाहेर काढतात. कधी सडक्या कोबीचा वास, कधी नेलपॉलिशचा, कधी कुणी वेलदोडे जाळल्यासारखा गोड आणि मळमळवणारा. पाहुणे रुमाल नाकाला लावतात आणि आम्ही म्हणतो, "कसला वास?" मला वाटलं, अरे, हाच तर विषय! लोक या वासासोबत राहतात कसे? मी मोठ्या उत्साहानं आराखड्यावर शीर्षक लिहिलं, 'वासाचं काय करायचं?'

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ही फिनेलची जाहिरात आहे का?"

मॅडम ठाण्यात शिकवायच्या आणि राहायच्या शीळफाट्याच्या पलीकडे. कॉलेजात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. सतत कुठली ना कुठली समिती येऊन बसलेली. घरी जाताना मात्र शीळफाट्याला गाडी अडकली की त्यांना माझी आठवण येई. पाऊण तास गाडी हलायची नाही आणि पाऊण तास माझं मार्गदर्शन चालायचं. मागे ट्रकचे हॉर्न, मध्येच "अहो, घुसताय कुठे, दिसत नाही का?" आणि मी इकडे घाबरून वहीत तेही लिहून घ्यायचे. माझं संशोधन पद्धतीचं अख्खं प्रकरण शीळफाट्यावर मंजूर झालं. एके दिवशी नेमका रस्ता मोकळा मिळाला, तर माझी गृहीतकं आठवडाभर लांबली.

तिथेच, तीन संध्याकाळी खर्चून, शीर्षकाचं बारसं झालं: 'डोंबिवली औद्योगिक क्षेत्रालगतच्या गृहनिर्माण संस्थेतील रहिवाशांच्या गंधविषयक त्रासाच्या अनुभवाचा समाजशास्त्रीय अभ्यास, विशेष संदर्भ: एक निवडक संस्था.' निवडक म्हणजे आमची. दुसरी निवडायला मी जाणार कुठे? उद्दिष्टांत मी 'पाहणे' लिहिलेलं, ते कापलं. संशोधक पाहत नाही, तो अभ्यासतो. 'विचारणे' पण कापलं. संशोधक विचारत नाही, तो माहिती संकलित करतो. गृहीतक म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं: उत्तर आधीच ठरवायचं आणि मग ते सापडल्यावर आश्चर्यचकित व्हायचं.

प्रश्नावली माझी मीच बनवली आणि मला तिचा भारी अभिमान होता. सातवा प्रश्न तिचा प्राण. 'वासाचा त्रास किती होतो?' शून्य ते चार. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे असह्य. शून्यवाला तो 'अबाधित', तीन-चारवाला 'तीव्र बाधित'. मॅडम खूश झाल्या. "हे बघ, आता कसं शास्त्र वाटतंय."

चाचणी म्हणून पहिली प्रश्नावली आईवर वापरली. आई कणीक मळत होती.

"वासाचा त्रास किती होतो? शून्य ते चार."

"कधीचं सांगू? आत्ताचं? काल तर डोकं फुटायची पाळी आलेली."

"सरासरी सांग."

"सरासरी म्हणजे? सोमवारी उलटी होईल असं वाटलं आणि मंगळवारी काही नाही, तर मग मला अर्धी उलटी आली असं लिहू का?"

मी तिला सांगितलं की तिच्यासारख्या लोकांमुळेच सामाजिक शास्त्रं मागे राहिली आहेत. तिनं पिठाच्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. चाचणी यशस्वी, असं मी नोंदवलं.

मग मी झेरॉक्स काढून चाळीस प्रती घेऊन निघाले, तर बाबांनी दारातच अडवलं. बाबा बारा वर्षं सोसायटीचे सचिव. त्याआधी एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्लांटवर. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, देवळात जातात; बाबांनी इतिवृत्त लिहायला घेतलं. टाकी धुवायची असो की कुत्र्यांचा प्रश्न असो, नोटिशीशिवाय आणि नोंदीशिवाय त्यांच्या राज्यात पान हलत नाही.

"असं घरोघर फिरणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. "लोक मला विचारतील, हे कुणाच्या परवानगीनं? दे इकडे. मी रीतसर करतो."

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. चाळीसच्या चाळीस प्रती मी त्यांच्या हवाली केल्या. ही माझी चूक. संशोधनाच्या कुठल्याही पुस्तकात ही चूक लिहिलेली नाही, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांचे वडील सोसायटीचे सचिव नसावेत.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, वासाबाबत विचारविनिमय करण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा गच्चीखालील हॉलमध्ये बोलावण्यात येत आहे. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.'

मी बाबांना म्हटलं, "अहो, सभा कशाला? प्रत्येकानं आपापलं भरून द्यायचंय."

"अगं, चाळीस जण चाळीस तऱ्हेची उत्तरं देतील. तुझाच गोंधळ होईल."

मी कपाळाला हात लावला. चाळीस तऱ्हेची उत्तरं हवीत म्हणून तर हा खटाटोप, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. बारा वर्षांत त्यांनी एकदाही वेगवेगळी उत्तरं हवीत म्हणून सभा घेतलेली नव्हती.

सभेला मी गेले, पण फ्लॅट बाबांच्या नावावर, म्हणून मी सभासद नाही. मला 'विशेष निमंत्रित' म्हणून शेवटच्या रांगेत बसवलं. बोलायचा अधिकार नाही. माझीच प्रश्नावली, आणि मीच गप्प! गणसंख्या भरली नाही. सगळे अर्धा तास तिथेच बसून राहिले, आणि मग गणसंख्येची गरज न उरल्यामुळे सभा सुरू झाली.

बाबांनी सातवा प्रश्न मोठ्यानं वाचला. मग खडा सवाल, "वास येतो का?"

पहिल्या मजल्यावरचे खजिनदार उठले. त्यांचं म्हणणं असं की इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, बिल्डरची माणसं पुढच्या आठवड्यात येतायत, आणि अशा वेळी वास आहे असं कागदावर आलं तर उद्या त्याला जबाबदार कोण? वास हा नाकाचा विषय आहे असं मला आजवर वाटत होतं.

बाबांनी पुन्हा विचारलं, "वास येतो का? हात वर करून सांगा."

एकही हात वर नाही. कुणीतरी बारीक आवाजात सुचवलं, "गुरुवारी थोडा येतो, असं लिहिलं तर?" ती उपसूचना फेटाळली गेली. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, मला रोज येतो. तेव्हा त्याला आठवण करून देण्यात आली की तो भाडेकरू आहे. भाडेकरूला मताचा अधिकार नाही, तेव्हा त्याला येणारा वास विचारात घेता येणार नाही.

फक्त तळमजल्याच्या मावशी उठल्या. ही जागा मुळात त्यांच्या सासरच्यांची, त्या इथल्याच गावच्या. त्यांना ना बिल्डरची भीती ना सचिवांची. "मना त येतंय वास," त्या कडाडल्या. "तुमचे नाकाला काय बूच मारलाय का सगल्यांचे?" हॉल खो खो हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा, प्रत्येकाकडे बघत, अगदी शाळेत हजेरी घेतात तसं विचारलं, "नक्की? कुणालाच येत नाही?" लोक म्हणाले, नाही. बाबांनी लिहिलं. विरोधी एक मत. ठराव वाचून दाखवताना कोपऱ्यातल्या दोघांनी उठून खिडक्या लावून घेतल्या, कारण बाहेरून सडक्या कोबीचा लोट आत शिरला होता.

त्या संध्याकाळी मी घरात आकांडतांडव केलं. "बाबा, तुम्ही माझी वाट लावलीत! एकवीस दिवस उरलेत माझे!"

"वाट कसली? चाळीस घरांचं एकच उत्तर. शिक्क्यासकट. तुला आणखी काय पाहिजे?"

"खरं उत्तर पाहिजे!"

"सभेत जे झालं तेच मी लिहिलं. एक शब्द पदरचा नाही." त्यांचा आवाज दुखावलेला होता, पण तेव्हा मला आवाज ऐकायची सवड नव्हती. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात बोलणं टाकणं म्हणजे आईमार्फत बोलणं. "त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा."

मॅडमचा फोन आला तेव्हा मागे हॉर्न वाजत होते, म्हणजे जागा ठरलेलीच.

"नमुना किती मिळाला?"

"एक, मॅडम."

"एकशे किती?"

"नुसता एक."

बराच वेळ फक्त ट्रक बोलत होते. मग मॅडम म्हणाल्या की याचा एकल अभ्यास करता येईल. मग म्हणाल्या, नाही येणार, आराखड्यात सर्वेक्षण मंजूर झालंय, पद्धत बदलायला समिती लागेल आणि समिती पुढच्या महिन्यात बसते. "तू असं कर, घरोघर जा. लोक तुला ओळखतात ना?"

ओळखतात! तिथेच तर सगळी गोची होती. ऑफिसातून आले की मी वही घेऊन जिने चढायचे. दार उघडायचं, चहा व्हायचा, लग्नाचं कधी करतेस व्हायचं, आणि मग सातव्या प्रश्नाला समोरचा माणूस विचारायचा, "ऑफिशियल सांगू की खरं?"

"खरं."

"दार लाव आधी."

दार लावल्यावर जे बाहेर पडायचं ते चारच्या पट्टीत मावत नव्हतं. एका काकूंनी तर नऊ लिहायला लावलं. ठरावाला अनुमोदन देणाऱ्या खजिनदारांनी मला आतल्या खोलीत नेऊन, उशीखाली ठेवलेली कापराची वडी दाखवली आणि "चार. पण माझं नाव आलं तर बघ" असा दम दिला. मी सगळ्यांना लाडू दिल्यासारखी नाव गुप्त राहील अशी हमी देत सुटले. हळूहळू माझे रकाने भरले. प्रबंध होणार, असं पहिल्यांदा वाटायला लागलं.

पण काही घरं दार लावूनसुद्धा बधली नाहीत. शून्य. अजिबात नाही. सगळे वयानं मोठे पुरुष, सगळे शांत. एकाच्या घरात तर मी नाकाला ओढणी लावून बसले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो म्हणतोय शून्य.

"काका, अहो आत्ता येतोय!"

"लिही शून्य."

मला इतका संताप आला! बिल्डरचे चमचे मेले. घरी येऊन मी चौथ्या प्रकरणात वाक्य हाणलं: 'काही प्रतिसादक आर्थिक हितसंबंधांपोटी प्रत्यक्ष वास्तव जाणीवपूर्वक नाकारत असल्याचे दिसून येते.' तीन वर्षांतलं हे माझं पहिलं वाक्य, जे लिहिताना मला मजा आली. शीळफाट्यावरून मॅडम म्हणाल्या, "वा! याला म्हणतात विश्लेषण."

चार प्रकरणं टाइप झाली, बाइंडिंगवाल्याला काळं कव्हर आणि सोनेरी अक्षरं सांगून झाली, तीस तारखेला आठ दिवस उरले. तेव्हा मॅडमना सुचलं, "विशेष संदर्भ संस्थेचा आहे, मग संस्थेच्या सचिवांची मुलाखत कुठे आहे?"

मी म्हटलं, "मॅडम, ते माझे वडील आहेत आणि आम्ही बोलत नाही."

"मग तर उत्तम. तटस्थता राहील."

झालं. आईमार्फत निरोप गेला. आईमार्फत उत्तर आलं: रविवारी अकरा वाजता, संस्थेच्या कार्यालयात, प्रश्न आधी लेखी द्यावेत. संस्थेचं कार्यालय म्हणजे पंपाच्या खोलीला चिकटलेलं, एक टेबल आणि दोन खुर्च्या मावतील एवढं खोपटं. मी अकराला गेले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पुढ्यात फायली रचून बसलेले. मला 'बसा' म्हणाले. जन्मदात्यानं 'बसा' म्हटल्यावर काय करायचं असतं? मी बसले.

मी वय आणि व्यवसाय आपलं आपण भरायला लागले.

"विचारल्याशिवाय लिहू नका."

"व्यवसाय काय?"

"निवृत्त. रासायनिक कारखाना. एकतीस वर्षं, सगळी प्लांटवर."

पंप सुरू झाला. आम्ही दोघं ओरडून बोलायला लागलो. सहा प्रश्न असे ओरडून झाले. सातवा मी वाचला आणि पेन टेकवून थांबले.

"शून्य," बाबा म्हणाले.

माझा तोल गेला. "बाबा, ठराव केलात तेवढं पुरे नाही का झालं? निदान मला तरी खोटं सांगू नका! माझी तीन वर्षं टांगणीला लागलीयत आणि तुम्ही इथे बसून..."

"मी खोटं बोलत नाही."

"मग काय, या क्षणाला येत नाही वास? या खोलीत?"

पंप बंद पडला. नेमका तेव्हाच. बाबा चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले, आणि त्या अचानक झालेल्या शांततेत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते मला कसं कळणार? माझं नाक गेलंय गं. सतरा-अठरा वर्षं झाली. कुठलाच वास कळत नाही. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, काही नाही."

मी पेनाला टोपण लावलं.

ते सांगत गेले, वेगळ्याच कुणाबद्दल बोलत असावेत तसे. आधी अधूनमधून जायचं आणि परत यायचं. मग परत आलं नाही. कारखान्यात सांगितलं नाही, कारण गळती झाली तर मशीनच्या आधी माणसाच्या नाकाला कळते. नाक गेलेल्या माणसाला प्लांटवर ठेवत नाहीत. तेव्हा मी शाळेत होते. मग निवृत्त झाल्यावर सांगायचं राहून गेलं. "तुझ्या आईला पण माहीत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघतो. तिनं पदर नाकाला लावला की मी उठून खिडकी लावतो. तिला वाटतं, मलाही आला."

"आणि सभेत?"

"सभेत मी तीनदा विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. सगळे नाही म्हणाले. मी सचिव. मी कसं म्हणू की नाही, येतो? माझ्याकडे काय पुरावा होता? मावशी एकट्या म्हणाल्या, येतो. मला वाटलं त्यांचं आपलं नेहमीचं."

मला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसू पण. मावशी आणि तो भाडेकरू सोडले तर अख्ख्या सभेत एकच माणूस प्रामाणिक होता, त्यानं प्रामाणिकपणे खोटा ठराव लिहिला होता, आणि मी दोन आठवडे त्याला आईमार्फत मीठ मागत होते. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं. माझा सातवा प्रश्न. शून्य, म्हणजे अबाधित. त्या वासानं ज्याचं नाकच खाऊन टाकलं तो माझ्या पट्टीवर सगळ्यात सुखी माणूस ठरत होता. आणि ही पट्टी मी स्वतः आखलेली, सुबक, रकान्यांसकट, वर मिरवलेली.

बाबांनी चष्मा घातला आणि एकदम सचिव झाले. "आणखी कुणी शून्य दिलंय?"

नावं गुप्त ठेवायची मी हमी दिली होती. खरं तर दाखवायला नको होती. मी यादी त्यांच्यापुढे सरकवली. ते बोट ठेवत वाचत गेले. "हा आमच्या शिफ्टला होता. हा शेजारच्या कारखान्यात. हा ड्रायर सेक्शनला. हा... हा पण." बोट थांबलं. या इमारतीत फ्लॅट घेतले तेव्हा सगळे बरोबरच आले होते, एकमेकांना सांगून. नाकाचं मात्र कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी घरी जाऊन चौथं प्रकरण उघडलं आणि ते लाडकं वाक्य पुसलं. एक ओळ पुसायला किती वेळ लागतो? त्या एका ओळीवर पुढची अकरा पानं उभी होती, तीही गेली. मॅडमना फोन केला, त्या दिवशी रविवार होता, शीळफाटा नव्हता, त्यामुळे त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सहा दिवसांत नव्यानं माहिती गोळा करशील? वेडी आहेस का? आहे तसं दे. पुढच्या संशोधनासाठी सूचना म्हणून शेवटी दोन ओळी टाक." त्या माझ्या भल्याचंच सांगत होत्या, मला मान्य आहे. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून हिंगाची डबी घेतली.

प्रबंध तीस तारखेला पाचला सात मिनिटं कमी असताना खिडकीत गेला. चौथं प्रकरण निम्मं हातानं लिहिलेलं, बाइंडिंगवाल्यानं सोनेरी अक्षरांत 'गंध'चा 'ग्रंथ' करून ठेवलेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, साधनांच्या यादीत हिंग कसा? मी सांगितलं, नाक तपासायला. पास झाले. श्रेणी विचारू नका.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. डबी घेऊन मी निघाले तर बाबा चपला घालून दारात उभे.

"मी येतो."

"बाबा, तुम्ही नका. मला तटस्थ राहायचंय."

"तुला नाही सांगणार ते. मीच सांगितलं नव्हतं."

ते पुढे आणि मी मागे. गुडघ्यांमुळे ते प्रत्येक मजल्यावर थांबत होते. चौथ्या मजल्यावरचं पहिलं शून्य. काकांनी दार उघडलं, बनियनवर, हातात पेपर. त्यांना वाटलं, सोसायटीचं काही असेल. त्यांनी सवयीनं विचारलं, "नोटीस आहे का?"

बाबांनी जिन्यातच, आवाज अजिबात न दाबता सांगितलं, "माझं नाक गेलंय. अठरा वर्षं झाली. तुझं?"

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. काकांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या डबीकडे, मग परत बाबांकडे. त्यांच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला.

"पोरीला खाली पाठव," ते म्हणाले.

"राहू दे तिला," बाबा म्हणाले. "ती लिहून घेते."